किल्लेदाराचे वडील हयात होते

अंधेरीच्या माझ्या दुकानात माणसं दोन कामांसाठी येतात. काही पोशाख भाड्याने न्यायला येतात आणि काही मी दिलेल्या पोशाखातली चूक सांगायला. इतक्या वर्षांचा हिशेब मांडला तर दुसऱ्या प्रकारची माणसं पहिल्यांच्या दीडपट तरी भरतील. पहिल्यांना मी खुर्ची देतो. दुसरे ती स्वतःच ओढून घेतात.

आमच्या धंद्याला ड्रेपरी म्हणतात. नाटक मंडळ्या, सिनेमावाले, शाळांची संमेलनं आणि गणपतीपुढे नाटक बसवणारी हौशी मंडळं यांना आम्ही पोशाख, दागिने, तलवारी, दाढ्यामिशा आणि केसांचे टोप भाड्याने देतो. ‘सरदार’ हा आमच्याकडे माणूस नसतो, ते एक बोचकं असतं. त्यात अंगरखा, सुरवार, शेला, पगडी, मोजड्या आणि म्यानातून न निघणारी तलवार एवढं येतं. ‘दोन सरदार, सहा मावळे आणि एक राणी सकाळी पाठवा’ असा निरोप आला की तेवढी बोचकी बांधायची. राणीचं बोचकं सरदाराहून हलकं असतं, कारण राणीचे दागिने पत्र्याचे.

माझ्याकडे एक किरमिजी किमखाबाचा अंगरखा आहे. तो एकदा दुपारी घाटकोपरला बादशहाचा वजीर होता आणि संध्याकाळी मुलुंडला पेशव्यांचा कारभारी. मधल्या वेळात मी त्याचे बंद फक्त एका बगलेतून काढून दुसऱ्या बगलेत टाचले, कारण दोन्ही दरबारांची बंद बांधायची बाजू वेगळी होती, एवढा इतिहास आम्हालाही येतो. पण त्या बंदांकडे आजवर एकाही प्रेक्षकाने पाहिलेलं नाही. तेच राणीची नथ उजव्या नाकपुडीत गेली असती तर बायकांनी पहिल्याच प्रवेशात कुजबुज सुरू केली असती. एका नाटकात विधवेच्या हातात काचेची बांगडी राहून गेली होती. त्या करुण प्रसंगाला तिसऱ्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, “हिचा नवरा कधी परत आला?” पुढचा अंक कोणी ऐकला नाही.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम बसवला. ऐतिहासिक नाटक खरं असायला हवं का, असा प्रश्न दर दिवाळीत कुठल्या तरी परिसंवादात निघतो. विद्वान त्यावर तास तास बोलतात. माझं उत्तर एवढंच, की प्रेक्षकाच्या घरात जे घडतं ते खरं असायला हवं. जे फक्त दफ्तरात घडलं ते कसंही चालतं. तोफ कोणत्या बनावटीची होती हे हजारात एखाद्याला कळेल. सुतकात कोण काय करतो हे हजारातल्या हजारांना कळतं.

सिनेमावाल्यांना हे पटत नाही. मराठ्यांच्या आरमारावरच्या एका चित्रपटाचं शूटिंग मनोरीच्या किनाऱ्यावर होतं. मी बोचकी घेऊन मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून गेलो. होड्या तिथल्याच आणि वल्हवणारेही तिथलेच, निम्मे कोळीवाड्यातले आणि निम्मे ख्रिस्ती गावठाणातले. त्यामुळे रविवारची मिस्सा आटपल्याशिवाय मराठ्यांचं आरमार जागचं हलत नसे. दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं. त्याने सैनिकांना उघड्या अंगाने होडीत बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. प्रत्येकाच्या दंडावर देवीच्या लशीचे गोल डाग होते.

“ही लस त्या काळी नव्हती. झाका,” तो मला म्हणाला.

मी रंग फासला, तो खाऱ्या पाण्याने उतरला. पुन्हा फासायला गेलो तर मिंगेल नावाचा म्हातारा नावाडी दंड मागे घेऊन म्हणाला, “राहू दे रे शेट. सरकारी शिक्का हाय. शत्रूला पण कळू दे, ह्यांच्याकडून रोग येणार नाय.”

शेवटी सगळ्या आरमाराला बाह्या शिवल्या. चित्रपट लागला तेव्हा मी लोकांच्या प्रतिक्रिया ऐकायला मुद्दाम गेलो. कोणी दंडाबद्दल बोललं नाही आणि बाह्यांबद्दलही नाही. नायिकेची साडी टेरिलिनची आहे, हे मात्र बाल्कनीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

हे झालं धंद्याचं. आता आप्पांचं सांगतो. सांगायला बसलो ते खरं म्हणजे त्यांच्याचसाठी.

आप्पा परुळेकर बोरीवलीत आमच्या मागच्या गल्लीत राहत. वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी वाण्यांच्या तागडीखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर तागड्या राहिल्या नाहीत, तेव्हा त्यांनी ऐतिहासिक नाटकं धरली. उपनगरात जिथे म्हणून मांडवात, शाळेत, कामगारांच्या हॉलमध्ये नाटक असेल तिथे आप्पा पुढच्या रांगेत असत. नाटक त्यांना अतोनात आवडे. चूक त्याहून आवडे. ते भिवया वर करून बसत, चूक सापडली की भिवया खाली येत आणि चेहऱ्यावर समाधान पसरे.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते असेच. गणपतीतल्या एका नाटकात पंतांचं काम करणाऱ्या नटाने घाम पुसायला पगडी काढली आणि आतून सिनेमातल्या हिरोसारखी झुलपं कपाळावर आली. आप्पा दुसऱ्या दिवशी बोरीवलीहून अंधेरीला आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “सावे, पेशवाईत असले केस कापणारं सलून कुठे होतं, तेवढं सांगा. मलाही जायचंय.”

“आप्पा, टकलाचा टोप दिला होता. त्याने घातला नाही.”

“तुम्ही घालून पाठवायचा. त्या काळी पुरुषाच्या डोक्याला वस्तरा लागलेला असायचा. पगडी उतरली की खालून डोकं दिसलं पाहिजे, भांग नव्हे. नटाने नाटकापुरतं खरं डोकं करावं. एवढी कळकळ नसेल तर सामाजिक नाटकं करावीत.”

त्या दिवशी दुकानात आणखी एक गिऱ्हाईक मिशा चाळत उभं होतं. ते म्हणजे मोघे. विमा कंपनीत नोकरीला, सुट्टीच्या दिवशी जुनी दफ्तरं वाचायला जात आणि उरलेल्या वेळात आमच्याच भागातल्या एका हौशी मंडळाची नाटकं बसवत. इतिहासाच्या बाबतीत मोघे चुकल्याचं मला आठवत नाही. हाच त्यांच्याबरोबर काम करण्यातला त्रास होता. आप्पांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि मान डोलावली. आप्पांच्या तोंडून निघालेलं वाक्य कुठे जाऊन पडलं, हे तेव्हा आप्पांनाही कळलं नाही आणि मलाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. मोघ्यांनी नाट्यस्पर्धेसाठी स्वतःच एक नाटक लिहिलं. त्यात एक किल्लेदार असतो. किल्ल्याला वेढा पडलेला, आत धान्य संपलेलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी किल्लेदाराचे वडील वारतात. तिसऱ्या अंकात तो त्यांचे दिवस करून येतो, डोकं आणि मिशी उतरवलेली. लोक वाचावेत म्हणून तो शत्रूच्या वकिलासमोर पगडी काढून ठेवतो आणि किल्ला देतो. नाटकाचा सगळा जोर त्या पगडी काढण्यावर होता. त्या घटकेला तो दोन्हीकडून पोरका झालेला आहे, वडील गेले आणि किल्लाही गेला, असं मोघ्यांचं म्हणणं. वाचलं तेव्हा मलाही ते आवडलं.

किल्लेदाराचं काम त्यांनी दिलं वसंताला. वसंत म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा. एका कारखान्याच्या भांडारात कारकून, तिशी उलटलेली, स्वभावाने गरीब. मंडळात तो वर्षानुवर्षं होता आणि वर्षानुवर्षं निरोप आणत होता.

“सावेशेट,” तो मला एकदा म्हणाला होता, “मी धावत येतो, ‘महाराज, शत्रू चालून येतोय’ म्हणतो आणि जातो. शत्रू आल्यावर पुढे काय होतं ते मला कायम विंगेतून बघावं लागतं.”

या वेळी मात्र शत्रू त्याच्याकडेच येणार होता. वाचन झालं तेव्हा मंडळातल्या माणसांनी माना वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या गरीब माणसाच्या आत एवढा आवाज आहे, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मोघे खूश होते. आनंदात त्यांनी सांगून टाकलं, “वसंता, टोप नको. टोपाची कड कपाळावर दिसते. खरं डोकं करायचं, मिशीसकट. आपल्या आप्पांचंच मत आहे ते.”

वसंताने घरी जाऊन वडिलांना त्यांचं मत सांगितलं.

वाचकांना हे सांगायला नको, पण नव्या पिढीतला कोणी वाचत असेल तर सांगून ठेवतो. आपल्याकडे मुलगा डोकं आणि मिशी एकदम उतरवतो ते बाप गेल्यावर. बाप असताना नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा माझ्या घरी आले. एरवी बोलताना शुद्ध पुणेरीच्या जवळ जाणारे आप्पा त्या दिवशी थेट मालवणात उतरले होते. “सावे, मी जित्तो आसंय अजून. ह्या मोघ्याक दिसत नाय?”

मी म्हटलं, “आप्पा, डोकं खरं हवं हे तुम्हीच म्हणाला होतात.”

“नटाचं म्हटलं होतं. माझ्या मुलाचं नाही.”

“पण आता नट तुमचाच मुलगा आहे.”

“मग टोप घाला,” आप्पा म्हणाले. “तुमचा धंदा काय आहे?”

माझा धंदा तोच होता. टकलाचा टोप आम्ही मलमलीचा करतो. डोक्याच्या मापाचा साचा, त्यावर मलमल ताणून चिकट थर, वर कातडीच्या रंगाचा लेप. कड कपाळावर चिकटवून तिच्यावर रंग ओढायचा. मी वसंतासाठी केला तो माझ्या हातून झालेला सगळ्यांत चांगला टोप होता. आजही दुकानात आहे, कोणीही येऊन बघावा. मोघ्यांनी वसंताला दिव्याखाली बसवलं, डोकं उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं आणि म्हणाले, “कड दिसतेय.”

“तुम्हाला दिसतेय. कारण ती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“म्हणजे आहे ना?”

मी दुसऱ्या वाटेने गेलो. म्हटलं, “मोघे, पहिल्या दोन अंकांत किल्लेदाराला मिशी आहे. वसंताच्या तोंडावर आज जी आहे ती अगदी तशीच आहे. ती तुम्ही काढायला लावणार. मग पहिल्या दोन अंकांसाठी मी त्याला खोटी मिशी चिकटवणार. म्हणजे एका अंकाच्या खरेपणासाठी दोन अंक खोटे. हिशेब तुम्हीच करा.”

“मिशी दुरून कळत नाही,” मोघे म्हणाले. “टक्कल कळतं.”

आठवडाभर परुळेकरांच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. शेवटी मोघ्यांनी ते काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. आता नट कसा हवा? उंच हवा, आवाज हवा, पाठांतर हवं, या अटी मागे पडल्या. पहिली अट अशी, की त्याचे वडील नसावेत. ही चौकशी करणार कशी? मंडळाचा कार्यवाह प्रत्येकाला आडवळणाने विचारू लागला, “काय, घरी सगळे बरे आहेत ना? वडील वगैरे?” आणि ‘बरे आहेत’ असं उत्तर आलं की त्याचा चेहरा पडे. अखेर काळे म्हणून एक जण सापडला. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. किल्लेदाराच्या कामासाठी त्याची तेवढीच पात्रता होती.

काळे सज्जन माणूस. डोकं तर तो लगेच करायला तयार होता. पण त्याला वाक्यं लक्षात राहत नसत आणि राहिली की ती तो एका दमात संपवी, पुन्हा विसरायच्या आत. वसंताला त्यांनी जुनं काम परत दिलं. निरोप आणायचं.

पुढचा प्रसंग मी स्वतः पाहिला, कारण मापं घ्यायला मी तिथेच होतो. रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात तालीम होती. आप्पा आले आणि मागच्या बाकावर बसले. ते का आले हे कोणी विचारलं नाही. नाटक म्हटलं की ते येतच. वसंत धावत आला, म्हणाला, “किल्लेदार, शत्रू पायथ्याशी आला.” वाक्य इतकं नीट होतं की काळ्यांनी दचकून बाहेर पाहिलं. मग काळे बोलू लागले. तोफा, दाणागोटा, बायकामुलं, वडिलांची चिता, सगळं बाजाराची यादी वाचावी तसं. पगडी काढायची जागा आली तेव्हा त्यांनी आधी ती काढली आणि मग आठवलं की त्याआधी एक वाक्य होतं. ती परत घातली, वाक्य म्हटलं, पुन्हा काढली.

मी आप्पांकडे पाहत होतो. भिवया खाली आल्या होत्या, पण चेहऱ्यावर ते नेहमीचं समाधान नव्हतं. वसंत आपलं एक वाक्य संपवून खिडकीपाशी उभा होता आणि काळ्यांचं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होता. आप्पा काळ्यांकडे बघतच नव्हते. ते त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते.

तालीम संपली. आप्पा उठून पुढे आले. “मोघे, ह्या प्रवेशात चूक आहे.”

“कुठली, आप्पा?” मोघ्यांनी लगेच वही उघडली.

“किल्लेदार चुकीचा आहे.” मग वसंताकडे न बघता म्हणाले, “काढ डोकं. पण माझी अट आहे. केस वाढेपर्यंत तू घराबाहेर पडशील तेव्हा मी बरोबर असेन. बाप आहे, हे लोकांना दिसलं पाहिजे.”

 काळे सर्वांत मोकळ्या आवाजात म्हणाले, “आभारी आहे, आप्पा.” ते त्यांचं नाटकातलं सगळ्यांत चांगलं वाक्य.

सलून माझ्याच ओळखीचं होतं, राजारामचं. आम्ही तिघे गेलो. वसंत खुर्चीत बसला आणि म्हणाला, “डोकं. मिशी पण.” राजारामने आरशातून आप्पांकडे पाहिलं.

“हे काय, आप्पा? तुम्ही समोर बसलाय आणि मी ह्यांचं डोकं करू?”

“मी सांगतोय ना.”

“तुम्ही सांगताय म्हणूनच तर भीती वाटते. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलीत. उद्या गल्लीत होईल की राजाराम जिवंत माणसाच्या मुलाचं डोकं करतो.”

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेर राजारामनेच तोड काढली. त्याने आप्पांना शेजारच्या खुर्चीत बसवलं, गालाला साबण लावून ठेवला आणि म्हणाला, “तुम्ही मधूनमधून बोलत राहा, आप्पा. मोठ्याने.” अशा रीतीने वसंताच्या डोक्यावर वस्तरा फिरत होता आणि शेजारी आप्पा साबणाच्या फेसातून भाज्यांच्या भावावर बोलत होते.

त्यानंतरचे दिवस बोरीवलीच्या बाजाराने पाहिले. संध्याकाळी वसंत कामावरून यायचा तेव्हा आप्पा स्टेशनाबाहेर उभे. तिथून दोघे बाजारातून घरी जात. वसंत पुढे, चकचकीत डोक्याने. आप्पा अर्धं पाऊल मागे, काठी वाजवत. रोज कोणी ना कोणी फसेच. आमच्या चाळीतल्या एक बाई भाजीच्या गाडीपाशी वसंताला बघून पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अरे देवा, आप्पा गेले? कधी?”

मागून आप्पा म्हणाले, “गेलेलो नाही. कोथिंबीर घेतोय.”

वसंताच्या कारखान्यातले दोघे तर घरी भेटायला आले. वसंताने तिकडे नाटकाचं सांगितलं होतं, पण दुःखामुळे तसं बोलतोय असं त्यांना वाटलं. दार आप्पांनीच उघडलं. ते दोघे दारातच उभे राहिले. आप्पांनी त्यांना आत घेतलं आणि वसंताच्या आईला, माईंना, हाक मारली, “अगं, चहा टाक. माझ्यासाठी आलेत.”

माईंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, “साखर बघा हो पुरेशी आहे का. माझं ह्या दिवसांत कशात लक्ष नाही.” ते दोघे चहा अर्धा टाकून गेले.

स्पर्धेचा प्रयोग उपनगरातल्याच एका हॉलमध्ये झाला. मी विंगेत होतो. पहिले दोन अंक माझी खोटी मिशी वसंताच्या ओठावर नीट बसली होती, कोणाला शंका आली नाही. तिसऱ्या अंकात तो आला, बोलला आणि पगडी काढली. मी धंद्यामुळे नट कमी आणि टाके जास्त बघतो, पण त्या दिवशी मी टाके बघायचे विसरलो. वसंत वकिलाकडे बघत नव्हता. वडील नुकतेच गेलेला माणूस जिथे बघेल तिथे कुठे तरी बघत होता.

आणि मला पुढच्या रांगेतून स्पष्ट कुजबुज ऐकू आली, “टोपाची कड बघ, कपाळावर.”

खरं होतं. कड दिसत होती. आयुष्यभर उन्हात फिरलेलं कपाळ गव्हाळ आणि केसांखाली राहिलेलं डोकं पांढरंफटक. दोन्हींच्या मध्ये रंगमंचाच्या दिव्यांत रेघ अशी स्वच्छ की मी कितीही वाईट काम केलं असतं तरी इतकी उमटली नसती. मोघ्यांनी दफ्तरं पुष्कळ वाचली होती आणि मी टोप पुष्कळ केले होते, पण केस काढल्यावर खाली काय निघतं हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

प्रयोगानंतर परीक्षकांपैकी एक जण दोन शब्द बोलायला उठले. त्यांनी नाटकाचं कौतुक केलं, वसंताचं विशेष केलं. मग म्हणाले, “एक सूचना. तिसऱ्या अंकात टकलाचा टोप फार ढोबळ होता. इतक्या खऱ्या अभिनयाला असा उघड खोटेपणा मारतो. रंगभूषाकारांनी लक्ष द्यावं.”

इतक्या वर्षांत माझ्या कामाला पुष्कळांनी नावं ठेवली. मी न केलेल्या कामाला ठेवलेलं ते पहिलंच.

आप्पा पुढच्या रांगेत उभे राहिले. “साहेब, तो टोप नव्हे. खरं डोकं आहे.”

“आपण कोण?”

“मी त्याचा बाप.”

परीक्षकांनी आप्पांकडे पाहिलं, रंगमंचावर उभ्या असलेल्या वसंताकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “आपण वडील? आणि हयात आहात? मग टोपच असणार.”

हॉल हसला. टाळ्याही पडल्या. आप्पा काही तरी म्हणणार होते, पण त्यांना त्या युक्तिवादात चूक सापडेना. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुकाट्याने खाली बसताना पाहिलं.

बक्षीस वसंताला मिळालं. नाटकाचे पुढेही बरेच प्रयोग झाले. दर प्रयोगाआधी राजाराम वसंताच्या डोक्यावर वस्तरा फिरवी आणि मग मी त्याला खुर्चीत बसवून त्याच्या खऱ्या टकलाला कपाळाच्या रंगाचा लेप देई, काठाने फिकट करत नेई. खरं डोकं खरं दिसावं म्हणून रंगवायचं काम मी तेवढंच केलं. त्यानंतर टोपाबद्दल एकही तक्रार आली नाही. एका प्रयोगाला तर कोणी मला विंगेत येऊन म्हणालं, “डोकं अगदी खरं वाटतं हो. कसला टोप वापरता?” मी म्हटलं, “परुळेकरांच्या घरचा.”

वसंताने त्यानंतर पुन्हा निरोप आणला नाही.

आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. चांगलं वय झालं होतं. काही शहाण्यांनी तेव्हाही त्याचा संबंध त्या नाटकाशी लावला. मधे पाच-सहा वर्षं धडधाकट गेली होती हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. माझ्या दुकानातली ती खुर्ची आता कोणी ओढत नाही, मलाच द्यावी लागते. पोशाखातल्या चुका लोक अजून सांगतात, पण उभ्या उभ्या सांगतात आणि निम्म्या वेळा त्यांचंच चुकलेलं असतं.

आप्पांचे दिवस झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी मी स्टेशनाबाहेर पडलो तर वसंत पुढे चालत होता. डोकं आणि मिशी उतरवलेली. मी धंद्याच्या सवयीने कपाळ बघितलं. रेघ होतीच, या वेळी तिच्यावर रंग नव्हता. मी त्याला गाठलं आणि आम्ही बाजारातून निघालो. भाजीच्या गाडीवरचा भय्या त्याला पाहून हसला आणि हात वर करून म्हणाला, “क्या साब, नया नाटक?”

वसंत थांबला. मला वाटलं, सांगेल. त्याने मान हलवली, “हो” म्हणाला, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि चालू लागला.

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, “हो का म्हणालास रे?”

“सांगितलं असतं तर बिचारा ओशाळला असता,” वसंत म्हणाला. मग त्याने एकदा आपल्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे पाहिलं. “आप्पा असते तर सोडलं नसतं त्याला.”